सेनेका-२ : टर्बो असून थ्रॉटल पूर्ण का द्यायचं नाही?

शिकाऊ_वैमानिक: पायपर सेनेका-२ या दोन टर्बो इंजिनांच्या विमानावर ट्रेनिंग चालू आहे. टेकऑफला थ्रॉटल शेवटपर्यंत न्यायच्या आधीच सर हात धरतात. वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट बाहेर सोडणारी झडप) इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब सांभाळत नाही का?

जुना_एएमई: नाही सांभाळत, बाळा! सेनेकाच्या या टीएसआयओ-३६० इंजिनाचा वेस्टगेट स्थिर. एक्झॉस्टला कायमची ठरावीक पळवाट, ती आम्ही मेकॅनिक जमिनीवर स्क्रूने बसवतो. थ्रॉटल वाढवलं की एक्झॉस्ट वाढतो, टर्बाइन पळते, हवा जास्त कोंबली जाते, परत एक्झॉस्ट वाढतो. चक्रवाढ व्याजच. समुद्रसपाटीला मॅनिफोल्ड प्रेशरची, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाची, ४० इंचांची (पाऱ्याचे इंच) लाल रेघ कधी ओलांडली कळत नाही. जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह आहे, पण त्याच्या भरवशावर उडू नकोस. ३६-३७ ला हात हलका कर, सुई मागाहून चढते.

रोटॅक्सवाला: आमच्या रोटॅक्स ९१४ इंजिनाला ही कटकट नाही. कंट्रोल युनिट सर्व्हो मोटरने वेस्टगेट हलवतं. टेकऑफची ११५ हॉर्सपॉवर मात्र ५ मिनिटंच वापरायची.

शिकाऊ_वैमानिक: मग ऑटोमॅटिक वेस्टगेट असला की बिनधास्त?

जुना_एएमई: छे! बऱ्याच इंजिनांत तो इंजिन ऑइलच्या दाबाने बंद होतो. थंडीत ऑइल घट्ट, वेस्टगेटच्या कंट्रोलरमधून त्याचा निचरा सावकाश, वेस्टगेट उघडायला उशीर. झालं ओव्हरबूस्ट, म्हणजे दाब मर्यादेबाहेर. आधी ऑइल टेंपरेचर बघ.