पाच मिनिटांत आम्ही लेवल ३, समोरचा ५. लास्ट हिट तर सारखेच आहेत!

अर्धझोप_मेडन

डोटा २ (पाच विरुद्ध पाच हिरोंचा ऑनलाइन गेम) बद्दल विचारतोय. मी पोझिशन ५, म्हणजे सपोर्ट, दहातले आठ गेम क्रिस्टल मेडन हा हिरो. कॅरी (ज्याला सोनं देऊन मोठा करायचा तो) माझा मावसभाऊ, त्याला जगरनॉट सोडून काही येत नाही आणि शिकायचंही नाही. मी साताऱ्यात, तो हिंजवडीत. साडेदहाला पोरं झोपली की दोन गेम, एवढाच आमचा संसार.

कालचा गेम. आम्ही रेडियंट बाजूला, खालची सेफ लेन (म्हणजे आमच्या सोयीची वाट). समोर ॲक्स आणि अनडाइंग. गेमच्या घड्याळात ५:०० चे आकडे असे: जगरनॉटचे लास्ट हिट (शेवटचा फटका मारून मारलेले क्रीप, म्हणजे लेनमधले छोटे सैनिक) २२, ॲक्सचे २४. म्हणजे बरोबरीच म्हणा. पण ॲक्स लेवल ५ आणि आमचा जगरनॉट ३. मीही ३. तोवर मेलो दोघं एकेकदाच. पुढच्या दोन मिनिटांत ॲक्सला अल्टिमेट (सगळ्यात मोठी शक्ती) मिळाला आणि टॉवरखाली येऊन त्याने भावाचं जे काही केलं ते लिहवत नाही.

मी तर भावाला क्षणभरही एकटं सोडत नाही. त्याच्या शेजारी उभा असतो, क्रीपवर नोव्हा (मेडनचा बर्फाचा स्फोट) टाकून लास्ट हिट सोपे करून देतो. तरी तो ओरडतो, "तू जरा जा ना लेनमधून!" गेलो तर मरतो आणि मग "कुठे होतास?" जायचं कधी, किती वेळ आणि लेवल जाते कुठे, हे कुणी नीट सांगेल का?

होलसेल_वही

भाऊ, तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे. "क्षणभरही एकटं सोडत नाही."

मी नाशिकला किराणा होलसेलमध्ये आहे. वहीत मांडल्याशिवाय मला काही पटत नाही. कॉलेजात असताना वॉरक्राफ्ट ३ वरचा डोटा कॅफेत बसून खेळायचो तेव्हाही हिशोब कागदावरच करायचो, पोरं हसायची. तर मांडू.

लास्ट हिट हा सोन्याचा हिशोब. एक्सपीची (लेवल वाढवणाऱ्या अनुभवाची) वही वेगळी. समोरचा क्रीप कुणाच्याही हाताने मरो, तुझ्याच क्रीपने मारला तरी चालेल, तो मरताना १५०० अंतराच्या आत जेवढे हिरो उभे तेवढ्यांत वाटणी. टॉवरची रेंज ७००, म्हणजे त्याच्या दुपटीहून जरा जास्त. झाडीमागे लपून काही न करता उभा राहिलास तरी तुझा हिस्सा कापला जातो.

आता आकडे. (पॅचमध्ये इकडेतिकडे होतात, तत्त्व तेच.) साधी वेव्ह, म्हणजे क्रीपची एक तुकडी: तीन मेली (जवळून लढणारे) आणि एक रेंज्ड (लांबून मारणारा). मेलीचे ५७, रेंज्डचे ६९. बेरीज २४०. लेवल २ ला लागतात बरोबर २४०. म्हणजे मिडवाला (मधल्या लेनचा) एकटा असतो, त्याची पहिली वेव्ह पूर्ण मेली की लेवल २. तुम्ही दोघं, तर दोन पूर्ण वेव्ह. त्यातला एक क्रीप जरी समोरच्याने डिनाय केला (आपलाच क्रीप स्वतः मारला) तरी त्या क्रीपचा तुमचा एक्सपी कापला जातो नि लेवल २ पुढच्या वेव्हवर जाते. तेवढ्या वेळात अनडाइंगकडे डिके आणि टूम्बस्टोन या दोन्ही शक्ती, तुझ्याकडे एकच. पहिली मारामारी तिथेच हरलात.

पाच मिनिटांत वेव्ह येतात १०. शून्यापासून दर ३० सेकंदाला एक. २४०० एक्सपी. लेवल ४ ला ११६० लागतात, ५ ला १७६०, ६ ला २४४०. दोघांनी अगदी काटेकोर निम्मं-निम्मं घेतलं तर प्रत्येकी १२००, म्हणजे दोघंही जेमतेम ४. आणि ॲक्स ५ वर कसा? अनडाइंगची लेवल बघितलीस का? माझी पैज, तो २ किंवा ३ असेल. तो लेनमधून निघून जात होता आणि मालकाला अख्खा माल देत होता. तुम्ही दोघं एकाच पोत्यातून खात होतात.

दुसरी चूक ती नोव्हा. लास्ट हिट सोपा करतोस म्हणतोस, पण तुझी वेव्ह पुढे ढकलली जाते आणि त्यांच्या टॉवरखाली जाते. तिथे जगरनॉट जाऊ शकत नाही, ॲक्स आरामात खातो. नोव्हा हिरोवर टाक. हात मोकळा असेल तर आपला रेंज्ड क्रीप निम्म्याखाली आला की डिनाय कर, सगळ्यात महाग तोच आहे.

आणि जायचं कधी? पुलसाठी. शेजारच्या छोट्या कॅम्पला (जंगलातल्या प्राण्यांच्या तळाला) साधारण १५ किंवा ४५ सेकंदाला एक फटका मार आणि लेनकडे चालत ये. आपली वेव्ह वळते, जंगलात मरते, ॲक्सला तिथला एक छदाम मिळत नाही. त्यांची वेव्ह आपल्या टॉवरकडे येते, भाऊ एकटा खातो. तू कॅम्पचा एक्सपी घे. पण एकटा छोटा कॅम्प असेल तर आपले क्रीप त्याला संपवून परत लेनला लागतात आणि पुढच्या वेव्हशी मिळून दुप्पट होऊन धावतात. म्हणून आधी ५३-५५ सेकंदाला कॅम्प बाहेर ओढून स्टॅक करून (म्हणजे त्याच जागी दुसरा कॅम्प भरू देऊन दुप्पट करून) ठेव. भाऊ अर्ध्या जीवावर असताना मात्र जाऊ नकोस. त्याला आधी टँगो (जीव भरणारी वस्तू) दे, मग जा.

पिंग१८०

वहीदादा, हिशोब बरोबर, पण या सल्ल्याने मी दोन महिने लेवल २ चा सपोर्ट होऊन फिरलो. आठव्या मिनिटाला टीम फाइट आणि माझ्याकडे अल्टिमेट नाही. मग चॅटमध्ये माझ्या आईची विचारपूस. क्रिस्टल मेडन लेवल ६ ला अल्टिमेट घेऊन उभी राहणं आणि ४ वर पळत राहणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सगळा त्याग पोझिशन ५ नेच का करायचा?

होलसेल_वही

@पिंग१८०, मान्य. पण मी उपाशी मर म्हणालो नाही, वेगळ्या ताटात जेव म्हणालो. पुलचा कॅम्प तुझा. सातव्या मिनिटाला विज्डम (फुकट एक्सपी देणारी जागा) तुझा, आधी रून होता आता श्राइन, पण ७ मिनिटांचं गणित तेच. साडेसहाला तिकडे चालायला लागायचं, सात वाजून गेल्यावर आठवण नको. बहुतेक सपोर्ट तिथेच झोपतात. आणि मरू नका. मेलात की समोरच्याला एक्सपी मिळतोच, वर परत चालत येईपर्यंत दोन वेव्ह जातात, त्या कुणी मोजत नाही.

अर्धझोप_मेडन

रिप्ले बघितला. ऑफिसमधून, आवाज बंद करून, डबा उघडा ठेवून.

वहीदादा, पैज जिंकलात. अनडाइंग ३. २:१० ला गेला तो ३:२५ ला परत आला, तेवढा वेळ ॲक्स एकटा. मी त्या सव्वा मिनिटात काय करत होतो? भावाच्या पाठीमागे उभा. मारायला कुणी नाही, वाचवायची गरज नाही, नुसता उभा राहून निम्मं खात होतो.

पण खरी गंमत पुढे. मी पुल करायला दोनदा गेलो होतो हो! १:४४ ला आणि ३:४३ ला. दोन्ही वेळा कॅम्प रिकामा. मला वाटलं भावाने खाल्ला, त्यालाच बोललो, तो म्हणाला मी लेनमध्येच आहे. आता समोरच्यांच्या बाजूने रिप्ले लावला तर ०:५० ला अनडाइंग येऊन कॅम्पच्या मधोमध वॉर्ड (टेहळणीचा खांब) ठोकून गेलाय. मिनिटाला कॅम्प भरायची वेळ आली की वॉर्ड आत, म्हणून तो भरतच नव्हता. माझ्या बॅगेत सेंट्री (लपलेला वॉर्ड दाखवणारी) पडून होती, ५० सोन्याची. बाराव्या मिनिटापर्यंत तशीच.

भावाला फोन करून सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "बघ, म्हणत होतो ना जा लेनमधून." त्याला कॅम्पचं काही माहीत नव्हतं, तो नुसता वैतागून म्हणत होता, पण आता आयुष्यभर ऐकवणार.

आज रात्रीच्या गेममध्ये घड्याळात १:०० च्या आधी सेंट्री टाकतो.

होलसेल_वही

दोन घे. पहिला वॉर्ड फोडलास की ते लगेच दुसरा लावतात.