प्रतिसाद : रंकाळ्यावरचं पॅनिंग

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या रस्त्यावर पॅनिंग करून, म्हणजे कॅमेरा सायकलसोबत वळवत, शटर १/३० सेकंद ठेवून सायकलस्वार टिपताना मागचं सगळं छान ओढलं जातं, पण स्वारही पुसट येतो, असा प्रश्न आहे. आधीच्या एका प्रतिसादात सुचवल्याप्रमाणे शटर १/२५० केलं तर स्वार स्पष्ट येईल, पण मागची झाडंही जवळजवळ थांबलेली दिसतील. मग पॅनिंग कशाला?

आधी पुसटपणा कसला आहे ते फोटो मोठा करून बघा. चेहऱ्यावर आडव्या रेघा असतील तर कॅमेऱ्याचा वेग सायकलशी जुळलेला नाही. उभ्या किंवा तिरक्या असतील तर हात वरखाली झालाय. चेहरा स्पष्ट पण दोन्ही चाकं ओढलेली असतील, तर तुम्ही फार जवळ उभे आहात. मागे सरका आणि लांब लेन्स वापरा.

पाय जिथे फोटो घ्यायचा त्या दिशेला रोवा, कमरेतून वळून सायकल लांब असतानाच फ्रेममध्ये धरा. कंटिन्युअस फोकस (हलत्या वस्तूवर सतत फोकस धरणारा), बर्स्ट (सलग अनेक फोटो) चालू. शटर मिटल्यावरही वळणं थांबवू नका. बहुतेकांचं इथंच बिघडतं. स्टॅबिलायझरला (हाताची थरथर कमी करणारी सोय) पॅनिंगचा मोड असेल तर तोच लावा. सुरुवात १/६० ने करा, जमलं की १/३०.

कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १०० ला १/३० साठी एफ/२२ इतकं लहान छिद्र (अ‍ॅपर्चर) सुद्धा पुरत नाही, फोटो जास्त उजळ येतो, शिवाय सेन्सरवरची धूळ दिसू लागते. एनडी ८ फिल्टर (प्रकाश एक-अष्टमांश करणारी गडद काच) लावला की एफ/१० च्या आसपास काम भागतं.

बैलगाडी शर्यतीला मात्र १/१२५ पासून सुरू करा. धावत्या बैलांची मान वरखाली होते, ती कितीही सफाईने वळलात तरी कमी शटरला पुसटच येणार.