गुडघ्यावरचा भार सेन्सरवरून काढावा का?

लंबक
आतल्या बाजूने झिजलेल्या गुडघ्यावरचा भार नीट मोजायचा तर फोर्स प्लेट (पावलाखालचा रेटा मोजणारी जमिनीतली पाटी) आणि आठ-दहा कॅमेऱ्यांची लॅब लागते. ती किती रुग्णांच्या वाट्याला येणार? पाऊल, नडगी, मांडी, कंबर अशा चार ठिकाणी मोशन सेन्सर बांधून मशीन लर्निंगने ॲडक्शन मोमेंट (गुडघा बाहेर ढकलून आतली फट दाबणारा वळणाचा जोर) दवाखान्यात वापरण्याइतका काढता येतो, असं माझं ठाम मत. 100 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 100 नोंदी, पुरे. ॲक्सिलरोमीटरची (त्वरण मोजणाऱ्या सेन्सरची) रेंज मात्र ±16 जी ठेवा (1 जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण). ±2 जीवर टाच टेकताच सिग्नलचा माथा छाटला जातो.

चौथा अक्ष
'वापरण्याइतका' इथेच मी अडतो. मोमेंट म्हणजे जमिनीचा रेटा गुणिले लिव्हर आर्म (रेट्याच्या रेषेपासून गुडघ्याचं अंतर). 700 न्यूटन आणि साडेचार सेंटिमीटर धरा: सुमारे 31 न्यूटन-मीटर. बोटं आत वळवून चालायला शिकवलं आणि 10 टक्के घट मिळाली, तर फरक आर्मच्या साडेचार मिलिमीटरचा! सेन्सरला रेटाही थेट दिसत नाही, आर्मही नाही. मॉडेल बरेचदा वजन, उंची, वेग यांवरूनच अंदाज बांधतं. तेवढे तीनच आकडे देऊन शिकवून बघा. चूक फारशी वाढली नाही तर सेन्सरने काही दिलंच नाही. आणि एकाच माणसाची पावलं ट्रेनिंगमध्येही, टेस्टमध्येही टाकली की कोरिलेशन (अंदाज आणि खऱ्या मापाचा मेळ) झकास येणारच. टेस्टचा अख्खा माणूस ट्रेनिंगबाहेर ठेवा.

लंबक
माणूस बाहेर ठेवण्याबद्दल वाद नाही. पण बरीच चूक बांधणीतून येते, ती सुधारता येते. पट्टा नडगीभोवती 10 अंश सरकला की पाय फेकण्याच्या वेगाचा 17 टक्के हिस्सा बाजूच्या अक्षात झिरपतो. सेकंदाला 350 अंशांतले 60 खोटे. म्हणून सेन्सर पोटरीच्या मांसावर नको, नडगीच्या आतल्या सपाट हाडावर हवा. आधी 5 सेकंद स्थिर उभं राहायचं, मग खुर्चीत बसून गुडघा सहा वेळा सरळ करायचा. जायरोवरून (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवरून) गुडघा वाकण्याचा अक्ष सापडतो. मॅग्नेटोमीटर (चुंबकीय दिशा मोजणारा सेन्सर) बंद ठेवा, स्लॅबमधल्या सळ्या त्याला भरकटवतात.

फिजिओताई
तुम्ही दोघंही मोमेंटलाच भार धरून चाललाय. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी सेन्सर बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांत प्रत्यक्ष बल मोजलं (2010, पाच रुग्ण): सपाट चालताना सर्वाधिक बल वजनाच्या सरासरी 2.6 पट, जिना उतरताना जवळपास साडेतीन पट. त्यात स्नायूंचा वाटा मोठा. मांडीचे पुढचे-मागचे स्नायू एकदम आवळले तर मोमेंट उतरूनही सांध्यातलं दडपण तेवढंच राहू शकतं, आणि दुखरा गुडघा सांभाळणारा माणूस बरेचदा असाच आवळून चालतो. शिवाय आपल्याकडचा रुग्ण विचारतो ते मांडी घालण्याचं, उकिडवं बसण्याचं. सपाट चालीवर शिकलेलं मॉडेल त्यालाही बिनदिक्कत आकडा देईल.

चौथा अक्ष
तो आकडा दाखवूच नये. सपाट चालीत गुडघा साधारण 60-65 अंश वाकतो. त्याच्या फार पुढे गेला की रकाना कोरा.

लंबक
मान्य, ताई, नाव 'मोमेंट' असंच ठेवू. पण तोच माणूस, तेच पट्टे, त्याच दिवशी आधीची चाल आणि शिकवल्यानंतरची चाल, एवढ्या तुलनेसाठी मी अडून आहे.

चौथा अक्ष
मग बोटं आत वळवलेली पावलंही फोर्स प्लेटवर मोजून ट्रेनिंगमध्ये घाला. ती नसतील तर बदललेली चालही मॉडेलला जुनीच वाटेल.