मदत हवी आहे: ९० अंशांच्या नळीतूनही ग्रॅफाइटचे कण थरात येताहेत

नमस्कार मंडळी. ग्रॅफाइटच्या कॅथोडवर (ऋण टोकावर) व्हॅक्यूम आर्क, म्हणजे निर्वातातला विजेचा आर्क, चालवून सिलिकॉनवर टेट्राहेड्रल अमॉर्फस कार्बनचा (हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा) ५० नॅनोमीटर जाडीचा थर बसवतोय. आर्क ७० अँपिअर, वाटेत कण गाळणारं फिल्टर म्हणून ९० अंशांची वळणदार नळी, तिच्यावर कॉइल, आत साधारण २० मिलिटेस्लाचं चुंबकीय क्षेत्र.

हेच फिल्टर टायटॅनियमला लावलं तेव्हा थर आरशासारखा आला. ग्रॅफाइटला मात्र सूक्ष्मदर्शकाखाली काळे ठिपके दिसतात, काही तर मायक्रॉनभर मोठे. म्हणजे थराच्या जाडीच्या वीसपट! असा कण निखळला की तिथे भोकच राहतं.

तत्त्व मला कळतं. चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनना धरून वळवतं, आयन त्यांच्यामागे ओढले जातात, जड कण सरळ जाऊन भिंतीवर आदळतात. पण टायटॅनियमचे थेंब वितळलेले असल्याने तिथेच चिकटतात. ग्रॅफाइटचे तुकडे घन, ते टप्पे खात नमुन्यापर्यंत पोचत असावेत असं वाटतं. नळीला +१५ व्होल्ट देऊन पाहिले: आयनांचा प्रवाह वाढला, ठिपके तेवढेच.

आता नळीत आडव्या पट्ट्या बसवायच्या आहेत. त्या कोणत्या कोनात आणि किती अंतरावर ठेवल्या तर कण अडकतात, पण प्लाझ्माची (आयन आणि इलेक्ट्रॉनच्या झोताची) वाट अडत नाही? की सरळ दुसरं वळण जोडून एस आकाराची नळी करावी? तसं केलेल्यांनी आयनांचा प्रवाह किती घटला तेही कृपया सांगा. आणखी एक शंका: भिंतीवर साचलेल्या कार्बनच्या खपल्याच तर उडत नसतील? तुम्ही नळी किती वेळाने साफ करता?