वडगावच्या काळ्या मातीत गुलाब : ऑनलाइन मागवताना काय बघायचं?

वडगावची_सून
नमस्कार. बेळगावातल्या वडगावला घराचं बांधकाम आटोपलंय. पुढच्या बाजूला सकाळपासून दुपारपर्यंत चांगलं ऊन असतं, तिथे पाच-सहा गुलाब लावायचे आहेत. माती काळी, येळ्ळूरच्या भातशिवारासारखीच. पावसात चिकट, उन्हाळ्यात भेगा.

जवळच्या नर्सरीत नाव विचारलं की "हायब्रीड आहे, घ्या की" एवढंच ऐकायला मिळतं. मला वासाचे हवेत, सासूबाईंना रोज देवाला फुलं हवीत. म्हणून ऑनलाइन यादी केली : डबल डिलाइट, पापा मेइलाँ, पीस, आइसबर्ग, आणि एक निळा. पण शेजारच्या काकूंची जुलैत आलेली रोपं आठवड्यात काळी पडली, त्यामुळे धीर होत नाही. बंगळूरहून मागवू की कोलकात्याहून? आणि कधी?

टिळकवाडी_परडं
ताई, गाव कुठलं ते नंतर बघूया. आधी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : डोळा कुठल्या खुंटावर भरलाय? म्हणजे हव्या गुलाबाचा अंकुर (डोळा) मुळं देणाऱ्या कुठल्या झाडावर (खुंटावर) बसवलाय?

फोटो बघून आपण वरच्या फुलाच्या प्रेमात पडतो, पण तुमच्या मातीत राहायचंय ते खालच्या खुंटाला. आपल्याकडे येणारी कलमं बहुतेक दोन खुंटांवर असतात. एक मल्टिफ्लोरा, दुसरा इंडिका ओडोराटा. मल्टिफ्लोराला थोडी आंबट, निचऱ्याची माती आवडते. चुनखडीच्या काळ्या मातीत त्याला लोह उचलता येत नाही, मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक त्याला खत कमी पडलं समजून आणखी खत घालतात, झाड आणखी बिघडतं. इंडिका ओडोराटा अशी माती सोसतो. उत्तरेकडच्या मैदानी भागात तोच जास्त वापरतात. वडगावला तुम्ही तोच मागा. बंगळूर जवळ आहे, वाटेत रोप कमी दिवस राहतं हे खरं, पण खुंट चुकीचा असेल तर त्या जवळिकीचा काय उपयोग?

आता वेळ. जुलैत आपल्याकडे पाऊस कोसळत असतो, हवेतच ओल. बंद खोक्यातून आलेल्या, मुळं दुखावलेल्या रोपाला तेव्हा जमिनीत घालणं म्हणजे त्याला कुजायला ठेवणं. काकूंचा दोष नाही, त्या दिवसांत रोप पाठवायलाच नको होतं. गणपती झाले की ऑर्डर द्या, रोप दसऱ्याच्या सुमारास हातात येऊ द्या. पाऊस ओसरलेला असतो, माती अजून कोमट असते, थंडीच्या आत मुळं धरतात.

यादीतला डबल डिलाइट घ्याच. आत मलईचा रंग, कडेला लाल, आणि ऊन लागेल तसा लाल चढत जातो. वास असा की फाटकाशी थांबून माणसं विचारतात. पापा मेइलाँचा वास त्याहून खोल, पण त्याला भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, फार लवकर लागते. त्याच्या जागी मिस्टर लिंकन बघा, गडद लाल, वासाचा, अंगाने दणकट. पीस फुलायला सावकाश, पण एकेक फूल बघत बसावं असं. आइसबर्गला वास जेमतेम, फुलं मात्र घोसाने.

सासूबाईंच्या देवासाठी विकत काही घेऊ नका. ओळखीच्या कुणाकडून गावठी गुलाबी गुलाबाची पेन्सिलीएवढी जाड फांदी आणून लावा. तो स्वतःच्या मुळावर वाढतो, खुंटाची भानगडच नाही.

निपाणीकर
निळ्याचा नाद सोडा वहिनी. गुलाबात निळा रंग देणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य तयारच होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने बाहेरचं जनुक घालून 2004 साली तसा गुलाब जाहीर केला, 2009 पासून तिथे विकायलाही आणला, पण तोही डोळ्यांना जांभळटच दिसतो. ऑनलाइन दिसणारा गडद निळा म्हणजे रंगवलेला फोटो. आणि त्याच्या "बिया" विकत असतील तर अजिबात घेऊ नका. नावाचा गुलाब बियांपासून तसाच्या तसा येत नाही. फिकट जांभळ्याची हौस असेल तर ब्लू मून मागवा, वासही छान.

जांबोटीकर
आमच्याकडे उलटं. जांभ्याची तांबडी माती, पाणी थांबत नाही, मल्टिफ्लोरावरची कलमं मजेत आहेत. आमचं दुखणं काळ्या ठिपक्याचं, हा पानांवरचा बुरशीचा रोग. पान तासन् तास ओलं राहिलं की ठिपका येणारच, आणि इथे पावसाळाभर पान सुकतच नाही. गळलेली पानं रोज वेचून लांब टाकतो. उघडीप मिळाली की मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरभर पाण्याला 2 ग्रॅम घालून फवारतो. तुम्ही पाणी सकाळी आणि बुंध्याशीच घाला, पानांवर नको.

वडगावची_सून
दोन ठिकाणी विचारलं. एकाने "मॅडम, सगळे खुंट सारखेच" असं उत्तर दिलं. दुसऱ्याने लगेच कळवलं : इंडिका ओडोराटा, एक वर्षाचं कलम, दसऱ्याच्या आठवड्यात पाठवू. त्याच्याकडूनच डबल डिलाइट, लिंकन, पीस आणि आइसबर्ग घेतेय. पार्सल आल्यावर काय करायचं ते सांगाल का?

टिळकवाडी_परडं
फार छान केलंत!

खड्डे आत्ताच करून ठेवा, दीड फूट लांब-रुंद-खोल, दोन रोपांत अडीच फूट. निघालेल्या काळ्या मातीत जांबोटीकरांच्या बाजूची तांबडी माती, मुरलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून भरा. वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा म्हणजे पाणी बुंध्याशी साचणार नाही.

पार्सल आलं की त्याच दिवशी उघडा. बुंध्याजवळ गाठ दिसेल, डोळा भरल्याची जागा. गाठीच्या वरच्या फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवं ओलं दिसलं तर जीव आहे. तपकिरी निघालं तर फोटो काढून लगेच विकणाऱ्याला पाठवा. गाठीवर प्लास्टिकची पट्टी राहिली असेल तर ब्लेडने उभी चिरून काढा, नाहीतर खोड जाड होताना ती आत रुतते. मुळांभोवती मातीची हुंडी (गोळा) असेल तर फुटू देऊ नका. मुळं उघडी असतील तर दोन-तीन तास बादलीत बुडवून ठेवा.

लावताना गाठ मातीच्या वर दोन-तीन बोटं राहिली पाहिजे. इंग्रजी व्हिडिओत ती पुरायला सांगतात, कारण तिकडे हिमाने डोळा मरतो. आपल्याकडे पुरली तर ती कुजते, शिवाय खुंटाची फूट कुठली हेच कळत नाही. गाठीच्या खालून जे उगवेल ते मुळापासून ओढून काढा, नुसतं कापलं तर दुप्पट जोमाने येतं.

पहिले आठ-दहा दिवस दुपारचं ऊन लागू देऊ नका, जुनं धोतर किंवा शेडनेट बांधा. सुरुवातीच्या कळ्या दिसताच खुडा. सासूबाईंना आधी सांगून ठेवा, त्यांना वाईट वाटेल. पण ती ताकद या वर्षी मुळांना लागणार आहे.