मदत हवी आहे : पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढलेली जिप्सी घाटातून नेता येईल का?

फोंडाघाटकर
माझ्या जिप्सीचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद पुढच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, मेस्त्रींनी काल काढून ठेवला आहे. ताशी ५० किलोमीटरच्या पुढे गाडी थरथरत होती, आणि क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकांचे फिरते सांधे, बदलावे लागतील असे त्यांचे म्हणणे आहे. नवे क्रॉस गुरुवारपर्यंत मिळणार नाहीत, आणि मला सोमवारी पहाटे आंब्याच्या पंधरा पेट्या घेऊन फोंडा घाटाने कोल्हापूरला पोहोचायचे आहे. शाफ्ट नसताना गाडी चालवली तर काही तुटेल का, तेल गळेल का, एवढेच मला हवे आहे. आंबा थांबत नाही, त्यामुळे कृपया लवकर सांगावे.

तेलकट_हात
गाडी कोणत्या वर्षाची आहे, पुढच्या चाकांना फ्री व्हील हब (चाक अॅक्सलपासून सोडवण्याची सोय) आहेत का, आणि ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टांना ताकद देणारी गिअरपेटी, मूळची आहे की बदललेली, हे आपण लिहिलेले नाही. ज्या गाड्यांची चारही चाके कायम इंजिनाला जोडलेली असतात आणि मध्ये एक तिसरे डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) असते, त्यांचा एक शाफ्ट काढला की सगळी ताकद त्या मोकळ्या टोकाकडून निसटते आणि मधले डिफरन्शियल लॉक केल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. म्हणून हे विचारल्याशिवाय उत्तर देणे योग्य नाही.

फोंडाघाटकर
जिप्सी म्हटल्यावर हे सांगण्याची गरज नाही असे वाटले होते. गाडी २००४ ची जिप्सी किंग आहे, सगळे मूळचे आहे, एरवी मागच्याच चाकांवर चालते, दांडीने फोर व्हील लागते, आणि हबही आहेत.

मेळघाट_वाट
मग काळजी करू नये. चिखलदऱ्याला असताना मी माझी जिप्सी दोन महिने पुढच्या शाफ्टशिवाय चालवली आहे. शाफ्ट दोन्ही टोकांना चार-चार बोल्टांनी फ्लँजला, म्हणजे गोल चकतीला, जोडलेला असतो. तो काढला तरी फ्लँज आणि ऑइल सील जागेवरच राहतात, त्यामुळे तेल गळत नाही. जाळीचा कचरा अडकू नये म्हणून मी दोन्ही फ्लँजवर जाड प्लॅस्टिक बांधले होते. शिवाय एक फायदाही आहे : दांडी फोर-लोमध्ये (चारही चाके, वेग कमी आणि जोर जास्त) टाकली तर ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते, म्हणजे चढणीसाठी एरवी नसलेला टू-लो गिअर मिळतो. फोंडा घाट भरल्या गाडीने चढायला तो उत्तम आहे.

घाटमाथा
या शेवटच्या सल्ल्याशी मी पूर्ण असहमत आहे. जिप्सीच्या ट्रान्स्फर केसचे हायचे, म्हणजे नेहमीच्या वेगाचे, गिअर प्रमाण १.४०९ आणि लोचे २.२६८ आहे, म्हणजे लोमध्ये मागच्या शाफ्टवर हायपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त जोर येतो. पुढचा शाफ्ट असतो तेव्हा हा जोर दोन अॅक्सलांमध्ये वाटला जातो. तो नसेल तर मागचे क्रॉस, मागचे डिफरन्शियल आणि अॅक्सल यांना सगळा भार एकट्याने सोसावा लागतो. सपाटीवर गाडी मागे घेताना किंवा गोठ्यातून बाहेर काढताना हे चालून जाईल, परंतु पेट्या भरून वळणावर चढताना ते करू नये. फोंडा घाट डांबरी आहे. टू व्हील हायमध्ये, दुसऱ्या गिअरमध्ये, तो आरामात चढतो.

मेळघाट_वाट
दोन महिन्यांत माझे काहीही तुटले नाही, आणि आमच्याकडचे रस्ते फोंडा घाटापेक्षा सोपे नव्हते.

घाटमाथा
आपले तुटले नाही याचा मला आनंद आहे, पण आपल्या गाडीत मागे वजन किती होते तेही सांगावे.

बचतगट
मी तर म्हणतो की तो शाफ्ट परत बसवूच नये. वजन कमी होते, इंजिनावरचा भार कमी होतो आणि पेट्रोल वाचते.

तेलकट_हात
हब फ्री असतील तर टू व्हीलमध्ये पुढचा शाफ्ट फिरतच नाही, कारण ट्रान्स्फर केसकडूनही तो सुटलेला असतो आणि चाकांकडूनही. मग वाचणार ते केवळ शाफ्टच्या वजनाचे पेट्रोल, आणि ते हिशेबात धरण्याइतके नसते. पावसाळ्यात बागेतून गाडी बाहेर काढणाऱ्या माणसाला फोर व्हील काढून टाकण्याचा सल्ला देणे बरोबर नाही.

दर्यावर्दी
उलट प्रकार कोणी करणार असेल, म्हणजे मागचा शाफ्ट काढून पुढच्या चाकांवर गाडी चालवणार असेल, तर त्यांच्यासाठी लिहितो. काही जुन्या जीपमध्ये हँड ब्रेकचा ड्रम ट्रान्स्फर केसच्या मागच्या टोकावर असतो, आणि मागचा शाफ्ट काढला की हँड ब्रेक निरुपयोगी होतो. उतारावर लावलेली गाडी अशाने घरंगळू शकते, तेव्हा चाकांना दगड लावावेत.

घाटमाथा
फोंडाघाटकर, माझा एक प्रश्न आहे, आणि खरे तर तो सगळ्यांत आधी विचारायला हवा होता. थरथर होत होती तेव्हा हब फ्री होते की लॉक? तेलकट_हात यांनी लिहिल्याप्रमाणे हब फ्री असतील तर तो शाफ्ट थांबलेला असतो, आणि थांबलेला शाफ्ट गाडी थरथरवू शकत नाही. तसे असेल तर दोष गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांना जोडणाऱ्या छोट्या शाफ्टमध्ये किंवा मागच्या शाफ्टमध्ये शोधावा लागेल, आणि तो दोष घेऊन घाट चढणे हाच खरा धोका ठरेल.

फोंडाघाटकर
हब जूनपासून लॉकच आहेत. पावसात रोज उतरून फिरवण्याचा कंटाळा येतो म्हणून तसेच ठेवले होते. शाफ्ट काढल्यावर थरथर पूर्ण थांबली आहे. कणकवलीपर्यंत जाऊन पाहिले.

घाटमाथा
म्हणजे दोष पुढच्या शाफ्टमध्येच आहे, आणि सोमवारी त्याच्याशिवाय जाणे सुरक्षित आहे. हब फ्री करून ठेवावेत. दांडी चुकून फोर-हायमध्ये गेली तरी पुढची फ्लँज नुसती फिरेल, त्याने काही बिघडत नाही. आता काढलेल्या शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून पाहावेत. त्यांत ढिलाई आहे का, त्यांच्या टोकांवरच्या कपांतून गंजाची तांबडी पूड येते का, आणि थरथर नेमकी केव्हापासून सुरू झाली?

फोंडाघाटकर
क्रॉस चारही बाजूंनी सहज फिरतात, ढिलाई नाही, पूड नाही. थरथर दिवाळीनंतर सुरू झाली. त्याआधी मेस्त्रींनी चिखल साफ करून ग्रीसिंगसाठी हाच शाफ्ट काढला होता, आणि मधल्या स्प्लाइनवर, म्हणजे दातेरी सांध्यावर, तो दोन तुकड्यांत वेगळा केला होता. याचा संबंध असेल असे वाटले नाही म्हणून लिहिले नाही.

घाटमाथा
संबंध आहे, आणि क्रॉस मागवण्याआधी हे जरूर तपासावे. कोनात फिरणारा क्रॉस जॉइंट एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट नेमके उलटे करतो आणि हा चढउतार भरून काढतो, मात्र त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस पकडणारे काटे, एका रेषेत असावे लागतात. स्प्लाइनवर शाफ्ट जोडताना दोन-चार दात चुकले तर ही भरपाई होत नाही, आणि वेग वाढला की थरथर सुरू होते. शाफ्ट सपाट फरशीवर ठेवावा आणि एका टोकाकडून डोळा लावून पाहावे.

फोंडाघाटकर
पाहिले. दोन्ही काटे एकमेकांपासून सरकलेले दिसतात, साधारण पाव फेरीपेक्षा थोडे कमी. शाफ्टवर बाणांच्या जुन्या खुणाही आहेत, चिखल खरवडल्यावर दिसल्या.

तेलकट_हात
त्या खुणा समोरासमोर आणून स्प्लाइन पुन्हा बसवावी आणि ग्रीस भरावे. बोल्ट घट्ट केल्यावर पन्नास-एक किलोमीटर झाले की पुन्हा एकदा पाना लावून पाहावा, कारण फ्लँजचे बोल्ट सैल होऊन शाफ्ट रस्त्यावर लोंबला तर पुढे जाणाऱ्या गाडीखाली तो जमिनीत रुतू शकतो.

मेळघाट_वाट
घाटमाथा, माझ्या गाडीत मागे वजन नव्हते, फक्त मी आणि डबा असायचा. लोचा आपला मुद्दा मला मान्य आहे.

फोंडाघाटकर
शाफ्ट खुणा जुळवून बसवला आणि दाजीपूरपर्यंत चढून परत आलो. हब मुद्दाम लॉक ठेवले होते, ६० पर्यंत थरथर नाही. क्रॉसची मागणी रद्द केली आहे. बोल्ट उद्या संध्याकाळी पुन्हा पाहतो, पेट्या परवा पहाटे निघतील.