मदत हवी आहे: ‘व्हिसल स्टॉप कॅफे’मागची खरी माणसं

नमस्कार मंडळी,

फॅनी फ्लॅग यांची ‘फ्राइड ग्रीन टोमॅटोज ॲट द व्हिसल स्टॉप कॅफे’ (1987) ही कादंबरी नुकतीच वाचून संपवली आणि अजून डोक्यातून जात नाहीये. त्यातला कॅफे काल्पनिक, पण त्याचं मूळ खरं आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम शहराला लागून असलेल्या आयर्नडेल गावात, रेल्वे रुळांजवळ, लेखिकेच्या आजीच्या पिढीतल्या नातेवाईक बेस फोर्टनबेरी यांनी 1932 साली असाच एक कॅफे घेतला होता. स्यू लव्हलेस आणि लिझी कनिंगहॅम या दोघींच्या साथीनं तो कित्येक वर्षं चालला. (1991च्या सिनेमातला कॅफे मात्र जॉर्जियातल्या ज्युलिएट गावचा.)

मला या तिघींबद्दल वाचायचंय. त्यातही स्वयंपाकघरातल्या माणसांबद्दल जास्त. त्या काळी बर्मिंगहॅममध्ये गोऱ्यांना आणि काळ्यांना एकाच खोलीत जेवायला बसवायला कायद्यानं बंदी होती. मग मागच्या दारी कोण उभं राहायचं, चुलीपाशी कोण असायचं? एवढ्या गाजलेल्या चवीमागचे हात कुणाचे, हे नोंदलेलं असायलाच हवं, असं मला फार वाटतं.

कुणाकडे मुलाखती, जुने लेख, फोटो आहेत का? बर्मिंगहॅमकडे राहणारं कुणी आयर्नडेलला जाऊन आलंय का?

आणि एक: काल कच्च्या टोमॅटोच्या चकत्या मक्याच्या पिठात घोळवून तळल्या, पण पीठ सुटून तेलातच राहिलं. चकत्यांना आधी मीठ लावून पाणी काढायचं का?